टीबी घालवायला खिडकी हवी की प्रयोगशाळा?

विडी कामगारांमध्ये काम करणाऱ्या एका कार्यकर्त्यांचा प्रश्न: "डॉक्टर, टीबीचा जंतू सापडून १४० वर्षं होऊन गेली. औषध आहे, मशीन आहे, पोषणाचे महिन्याला हजार रुपये आहेत. तरी आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात गल्लीगणिक पेशंट आहेच. मग जंतूच्या भिंतीत काय आहे आणि उंदराच्या फुफ्फुसात काय होतं, यावर कोट्यवधी कशाला घालायचे? त्या पैशात आमच्या घरांना एकेक खिडकी पाडून द्या. इंग्लंडात औषधं निघायच्या आधीच टीबी कमी झाला होता, घरं आणि खाणं सुधारल्यामुळं. हे खरं ना?"

खरं आहे. इंग्लंडात टीबीचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे टीबीवर चालणारं पहिलं औषध, यायच्या आधी कित्येक दशकं घसरत होते. नेमकं कशामुळं, यावर जाणकार अजून भांडतात. पण मजुरी, खाणं आणि घरं यांचा त्यात मोठा हात होता, असं मी तरी मानतो. सोलापुरात पंचवीस वर्षं छाती तपासतोय. पेशंट कुठल्या गल्लीतून आला ते ऐकलं की एक्स-रे बघायच्या आधीच तो कसा असेल याचा अंदाज बांधायची वाईट खोड मला लागली आहे. तेव्हा खिडकीच्या विरोधात मी बोलणारच नाही. तुमच्या प्रश्नात मला खटकतात ते "त्या पैशात" हे दोन शब्द.

आधी खिडकीचंच बोलू. खिडकीनं टीबी कमी होतो हे आपल्याला कळलं कुठून? आपल्याकडे घरात टीबी निघाला की पहिलं काय होतं बघा. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. सून असेल तर तिला माहेरी धाडतात. आणि मग सगळं घर त्याच बंद खोलीत रात्रभर झोपतं! भांडी वेगळी, हवा एकच. लोकांना हसण्यात अर्थ नाही, कारण टीबी नक्की कशातून पसरतो याबद्दल १९५० च्या दशकापर्यंत डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. कोणी धुळीला दोष देई, कोणी थुंकीला, कोणी भांड्यांना.

त्याचा निकाल अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात लागला. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी टीबीच्या वॉर्डातली हवा नळानं वर नेली आणि वरच्या मजल्यावरच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या पिंजऱ्यांत दीडशेच्या आसपास गिनी पिग होते. त्यांचा पेशंटशी, त्याच्या भांड्यांशी, कपड्यांशी काडीचा संबंध नव्हता. महिन्यामागून महिने त्यांतल्या एकेकाला लागण होत गेली. दुसऱ्या पिंजऱ्यांना हवा तीच होती, फक्त वाटेत तिच्यावर अतिनील किरण सोडलेले होते. तिथले प्राणी वाचले. त्या काळी कुणी हिशेब मांडला असता, तर उंदरासारख्या प्राण्यांना पेशंटची हवा हुंगायला लावण्यात केवढा पैसा गेला, असंच म्हणाला असता. तुमची खिडकी त्या पिंजऱ्यांतून आलेली आहे. पुढं २००७ साली पेरूमधल्या लिमा शहरात मोजणी झाली. तेव्हा उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत, नुसत्या खिडक्या उघड्या ठेवल्या तरी, यंत्रानं हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांपेक्षा जास्त हवा बदलते असं दिसलं. तुमच्या मागणीला याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

आता मशीनचं. २००३-०४ च्या सुमाराची गोष्ट सांगतो. यंत्रमागावर काम करणारा, तिशीच्या आतला एक माणूस होता. पहिला कोर्स पूर्ण करून पुन्हा खोकला घेऊन आला. तेव्हाच्या नियमाप्रमाणं त्याला दुसऱ्यांदा टीबी झालेल्यांचा कोर्स दिला. म्हणजे आधीचीच औषधं, आणि वर दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. पुस्तकात तेच लिहिलं होतं, मीही तेच केलं. बेडका कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून बघायला, बाहेरगावी पाठवला. टीबीचा जंतू महाआळशी. पोटातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला त्यासाठी वीसेक तास लागतात. त्यामुळं कल्चरला आठवडे जातात, आणि औषधांना दाद देतो की नाही हे बघायला त्यावर आणखी आठवडे. रिपोर्ट आला तेव्हा चौथा महिना लागला होता. आइसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही मुख्य दोन्ही औषधं त्या जंतूवर चालत नव्हती. रिपोर्ट द्यायला मी माणूस पाठवला, तर घरी दहावा झालेला. चालत नसलेल्या औषधांत एकच नवं औषध मिसळायचं म्हणजे जंतूला तेही पचवायला शिकवायचं, हे आज कुठलाही विद्यार्थी सांगेल. तो कोर्स २०१७ नंतर बंद झाला.

आज तसाच पेशंट आला तर सकाळचा बेडका ट्रूनॅट नावाच्या मशीनवर लावून त्याच दिवशी मी सांगू शकतो: टीबी आहे, आणि रिफाम्पिसिनला दाद देणारा नाही. दुर्बिणीखाली जंतू दिसायला बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. या मशीनना शंभर-दीडशेच्या आसपासही पुरतात.

हे मशीन आलं कुठून? १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांत काय जगतं ते बघत होते. दुसरं काही कारण नव्हतं. तिथं सापडलेल्या एका जंतूच्या विकराला (एन्झाइमला) उष्णता सोसते. डीएनएचे तुकडे तापवून-निववून लाखो पटीनं वाढवायची पीसीआरची पद्धत १९८० च्या दशकात निघाली, आणि ती रोजच्या वापरात आली ती या विकरामुळं. दुसरीकडे काही लोक ई-कोलायमध्ये रिफाम्पिसिन नेमकं कुठं जाऊन बसतं हे शोधत होते. त्या वाटेनं १९९३ साली कळलं की टीबीच्या जंतूत रिफाम्पिसिनला न जुमानणारे बदल जवळजवळ सगळे एका जनुकाच्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात होतात. टीबीच्या जंतूच्या जनुकसंचात ४४ लाख अक्षरं आहेत, आणि त्यांतली नेमकी ही ८१! बदल जर सगळीकडे विखुरलेले असते तर दोन तासांत उत्तर देणारं मशीन झालंच नसतं. आइसोनियाझिडच्या बाबतीत तसंच झालंय. त्याचे बदल एकाहून जास्त ठिकाणी होतात, म्हणून या पहिल्या चाचणीतून तो प्रतिकार निसटतो आणि वेगळी तपासणी करावी लागते.

आणि हे ट्रूनॅट आपल्याच देशातल्या, गोव्यातल्या एका कंपनीनं तयार केलं. बॅटरीवर चालतं. उन्हाळ्यात ज्या तालुक्यात दुपारी वीज नसते तिथं याचं मोल काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

औषधांच्या गोष्टी तर अशा आहेत की कादंबरीत लिहिल्या तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आइसोनियाझिड १९१२ साली प्राग शहरात दोन रसायनशास्त्रज्ञांनी बनवलं आणि ते कागदात पडून राहिलं. ते टीबीवर चालतं हे कळलं १९५२ मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत किती माणसं गेली, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. पास नावाचं टीबीचं औषध निघालं ते, सॅलिसिलिक ॲसिड दिलं की टीबीचा जंतू जास्त प्राणवायू घेतो, एवढ्या एका निरीक्षणावरून. स्वीडनच्या यॉर्गन लेहमान यांनी उलटा विचार केला: ज्यानं याचा श्वास वाढतो, त्याच्याशी थोडी छेडछाड केली तर श्वास कोंडेल का? आणि पायराझिनामाइड तर साध्या कल्चरच्या बाटलीत जंतूला काहीच करत नाही. ते चालतं हे उंदरांमुळं कळलं. तुमच्या "उंदराच्या फुफ्फुसात काय होतं" याचं एक उत्तर हे. उंदीर नसते तर हे औषध टाकून दिलं असतं, आणि कोर्स सहा महिन्यांवर आलाच नसता.

बेडाक्विलिनवर मात्र जरा थांबतो, कारण त्यानं माझं रोजचं काम बदललं. एमडीआरच्या, म्हणजे मुख्य दोन्ही औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या, पेशंटला पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं आणि त्यांतले सहा-आठ महिने रोज इंजेक्शन द्यावं लागे. त्या इंजेक्शनांनी कान जात. फुफ्फुस बरं झालं आणि बायकोचा आवाज ऐकू येत नाही, असे पेशंट मी बघितलेत. आधी घड्याळाची टिकटिक जाते, मग फोन. बेडाक्विलिन सापडलं ते टीबीच्या एका निरुपद्रवी, भराभर वाढणाऱ्या भावकीतल्या जंतूवर हजारो रसायनं टाकून बघताना. ते मारतं कसं हे समजायला, त्याला न जुमानणाऱ्या जंतूंचा जनुकसंच वाचला, तेव्हा दिसलं की ते जंतूची ऊर्जा बनवणारी चक्कीच बंद पाडतं. २००५ साली हे जाहीर झालं. अशा ठिकाणी मारणारं टीबीचं औषध आधी नव्हतं, म्हणून जुन्या औषधांना निर्ढावलेला जंतूही याला बळी पडतो. २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या सरकारनं त्याच्यासह चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स मान्य केला. सगळ्या गोळ्या, सुई नाही.

इथं तुमच्या बाजूचं एक बोलतो. शोध लागला म्हणजे पोचला असं नाही. बेडाक्विलिन कित्येक वर्षं आमच्या हाताला लागत नव्हतं. त्याच्या पेटंटला पुढं लांबवणारा अर्ज भारताच्या पेटंट कार्यालयानं २०२३ साली फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्यांत दोन बायका होत्या, एक मुंबईची, एक दक्षिण आफ्रिकेची. दोघीही टीबीतून उठलेल्या, आणि दोघींचे कान जुन्या औषधांनी गेलेले. प्रयोगशाळेनं जे दिलं ते मिळवायला अशी भांडणं लागतात, आणि ती तुम्हाला चांगली जमतात.

मग आता आहे ते नीट पोचवलं की झालं, असं तुम्ही म्हणाल. एक हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०१५ मध्ये भारतात लाखामागं २३७ नवे पेशंट होत, २०२४ मध्ये १८७. घट चांगली आहे, जगाच्या सरासरीहून चांगली. वर्षाला अडीच टक्क्यांहून थोडी जास्त पडते. निर्मूलन म्हणजे दहा लाखांत एकापेक्षा कमी. याच चालीनं तिथं पोचायला पावणेतीनशे वर्षांहून जास्त लागतील. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात, नवी औषधं, पैसा, घरं, दूध-अंडी सगळं एकदम आलं तेव्हाची सगळ्यात वेगवान घट वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास होती. तो वेग धरला तरी आपल्याला सत्तर वर्षं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या आकड्यांत आहे. घर, खाणं, औषध, मशीन, सगळं पोचलं तरी एक भाग उरतोच. तो उरतो कारण त्याबाबत आपल्याला ठाऊकच नाही. कामचुकार कर्मचारी, संपलेल्या गोळ्या, न आलेले पैसे, यावर तुम्ही मोर्चा काढा, मी येतो. पण जे कोणालाच माहीत नाही त्यावर मोर्चा काढून भागत नाही.

काय माहीत नाही? समजा तुमच्या गल्लीत एक पेशंट निघाला. घरातल्या सहांपैकी तिघांच्या शरीरात जंतू शिरलाय. अशा लागण झालेल्यांतले शंभरातले पाच-दहाच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात, बाकीचे त्याला कोंडून ठेवतात. पण कोण पडणार? ते मला सांगता येत नाही. म्हणून धडधाकट दिसणाऱ्या तिघांनाही मी प्रतिबंधक गोळ्या देतो. ते विचारतात, "काही होत नाही तर गोळ्या कशाला?" आणि त्यांच्याशी बोलताना माझा आवाज जरा बसतो, कारण प्रश्न चुकीचा नसतो. दक्षिण आफ्रिकेत २०१६ साली रक्तातल्या १६ जनुकांच्या हालचालींवरून पुढं कोण आजारी पडेल याचा बराचसा अंदाज आला. सगळे खूश झाले. पुढं तशाच चाचणीनं माणसं निवडून गोळ्या देऊन बघितल्या, तेव्हा आजार कमी झाला नाही. म्हणजे अजून शिकायचंय.

लशीचंही तसंच. बीसीजी काल्मेट आणि गेरँ यांनी बटाट्याच्या कापांवर तेरा वर्षं जंतू वाढवून बनवली. लहान मुलांच्या मेंदूच्या टीबीला ती अडवते, म्हणून ती टोचलीच पाहिजे. पण तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर जी प्रचंड चाचणी झाली, तिच्यात मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीला बीसीजीनं अडवलं नाही. का नाही, याचं एकमतानं मान्य झालेलं उत्तर आजही नाही. एम-७२ नावाची नवी लस आधीच्या चाचणीत पन्नासेक टक्के उपयोगी दिसली, आणि २०२४ पासून तिची मोठी चाचणी चालू आहे. एवढ्या वर्षांनी आशा वाटावी असं काहीतरी आहे खरं. पण शरीरात नक्की काय असलं म्हणजे माणूस टीबीपासून सुरक्षित, याची खूण अजून सापडलेली नाही. गोवराच्या लशीनंतर रक्त तपासून काही सांगता येतं, तसं इथं नाही. त्यामुळं प्रत्येक लस हजारो माणसांवर वर्षानुवर्षं बघावी लागते.

तिसरी गोष्ट मला रात्री जास्त छळते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या पेशंटपैकी ४२.६ टक्के लोकांना विचारण्यासारखी लक्षणंच नव्हती, फक्त एक्स-रेमुळं सापडले. आम्ही आयुष्यभर "दोन आठवडे खोकला" शिकवत आलो. आणि केपटाऊनच्या संशोधकांनी दाखवलं की खोकला नसतानाही, नुसत्या श्वासातून जंतू बाहेर पडतात. ही माणसं किती पसरवतात? कोणाला ठाऊक नाही.

सगळ्यात जास्त आवडती साखळी सांगतो, मग थांबतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला जंतू दाखवला, आणि १८९० साली ट्यूबरक्युलिन हे टीबीवरचं औषध म्हणून जाहीर केलं. ते औषध म्हणून साफ आपटलं. पण तेच पुढं हातावरची मांटू चाचणी झालं. त्या चाचणीत खोट अशी की बीसीजी घेतलेल्यांचाही हात सुजतो. १९९० च्या दशकात कोणीतरी बीसीजीच्या आणि मूळ जंतूच्या जनुकसंचाची तुलना केली. तेरा वर्षांच्या त्या बटाट्यांवर बीसीजीनं जनुकांचा एक तुकडा गमावलाय असं दिसलं. त्या तुकड्यातली प्रथिनं वापरून नवी टोचणी निघाली, जी बीसीजीला फसत नाही. ती आज पुण्यात बनते. कॉखचा पोकळ दावा, फ्रेंच बटाटे, जनुकांचं वाचन आणि पुणे! कोणत्या टप्प्यावर पैसा वाया चाललाय असं म्हणून थांबवायचं होतं?

शास्त्रज्ञांवर माझा राग नाही असं समजू नका. उंदराच्या टीबीत माणसासारखी गाठ नीट होत नाही, तरी उंदीर बरा झाला की निबंध छापून येतो. जंतूवर पीएचडी केलेली मुलं वॉर्डात पाऊल टाकत नाहीत. आणि खाण्यासारख्या साध्या गोष्टीचा नीट पुरावा यायला २०२३ उजाडलं. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांना शिधा दिला, तर घरात नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. ज्या पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांत मृत्यू खूपच कमी. मी आता पहिल्या दिवशी वजनकाट्याकडे बेडक्याइतकंच लक्ष देतो. तेव्हा तुमचे हजार रुपये वेळेवर येतात की नाही हे बघाच, आणि ते भाकरी-शेंगा-अंड्यांवर जातात की नाही हेही.

आता खिडकी. एक अडचण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. विडी वळताना वारा आला की सुपातला तंबाखू उडतो आणि भिजवलेलं पान वाळतं. म्हणून खिडकी असली तरी अक्का ती लावूनच घेतात. मागाच्या खोलीतही सूत तुटू नये म्हणून ओल धरून ठेवतात. बसलेल्या माणसाच्या उंचीवर खिडकी पाडून दिली तर ती बंदच राहणार. माझ्या मनात आहे ते छताला लागून, समोरासमोर दोन झरोके. गरम हवा वरून जाईल, पान हलणार नाही. पण हे माझं म्हणणं झालं, खात्री नाही. माझ्याकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचा एक छोटा मीटर आहे. खोलीतली हवा किती जणांनी श्वासून परत सोडली, याचा त्यावरून अंदाज येतो. बाहेर सवाचारशेच्या आसपास आकडा दाखवतो. तुमच्या ओळखीची दोन घरं निवडा, सारख्या आकाराची, एकात झरोके पाडू, एकात नाही. दोन्हीकडे रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत मीटर ठेवू. घरच्यांना आधी विचारून ठेवा, आणि गवंड्याचा खर्च किती येतो तेही. रविवारी दवाखाना बंद असतो, मी मोकळा आहे.